कलशातला साहेब

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मी मध्ये थांबणार नाही. आणि हातातला चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा ऐकताना माझ्या साडूच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचंही खापर मीनलनं माझ्याच डोक्यावर फोडलं.

मीनल म्हणजे माझी बायको. मी, मीनल आणि माझी आई असे आम्ही तिघं नेरुळला, सारसोळ्याजवळ, भाड्यानं राहत होतो. मुलगी सायली पुण्याला शिकते. अकरा वर्षं दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकताना परवानगी मागितली आणि शेवटी नावड्याला स्वतःचा फ्लॅट घेतला. स्वतःचा हं! आता हवे तेवढे खिळे ठोका!

आणि घरात चौथा मेंबर होता, साहेब.

साहेब म्हणजे मासा. फायटर मासा. निळाशार, जेमतेम माझ्या अंगठ्याएवढा, पण शेपटी अशी की शालूचा पदर. दुसरा मासा शेजारी आला की फाडून ठेवतो, म्हणून टाकीत एकटाच राहतो. आरसा दाखवला तरी भांडायला उठतो. सायलीनं बारावीत असताना आणला होता. पुण्याला जाताना ती त्या टाकीला कवटाळून रडली. माझ्या गळ्यात पडून नाही रडली, मला नुसतं 'चला बाबा, बाय' केलं. असो.

घर बदलायचं ठरल्यावर पोरीचा फोन.

"बाबा, साहेबला कोण नेणार?"

"मी."

"बाबा, सिरियसली विचारतेय."

"मीच! अगं, तुझा बाप तुर्भ्याच्या फॅक्टरीत डिस्पॅच सुपरवायझर आहे. बावीस वर्षं काचेचा माल ट्रकात चढवतोय. अंगठ्याएवढा मासा काय चीज आहे?"

"नीट ऐका. आदल्या दिवसापासून खायला नाही द्यायचं. त्याच्याच टाकीतलं पाणी घ्यायचं. भांडं अर्धंच भरायचं, तो वर येऊन हवा घेतो. अंधार ठेवायचा आणि हिंदकळू द्यायचं नाही."

"झालं?"

"नाही. त्याला काही झालं ना बाबा, तर मी त्या नवीन घरात पाऊल टाकणार नाही."

आता मला सांगा, माणसानं घर कोणासाठी घेतलं? पोरगी सुट्टीत येईल, हॉलमध्ये लोळेल, म्हणूनच ना? पण सुपरवायझरनं आवाज पाडायचा नसतो. मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नको. तुझ्या आईला नाही, आजीला तर नाहीच नाही. मी एकटा सांभाळणार."

हे वाक्य मी बोललो. स्वतःच्या तोंडानं.

शिफ्टिंगचा दिवस उजाडला. मुहूर्त सकाळचा. गुरुजी परस्पर नावड्याला येणार होते. मी साहेबसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा तयार केला होता, झाकणाला भोकं पाडून. टाकीतलं पाणी, त्यात साहेब, सगळं सायलीनं सांगितल्याबरहुकूम. डबा खाली ठेवला आणि हमालांना कपाट कसं उचलायचं ते शिकवायला लागलो.

"असं नाही, असं! कमरेतून वाका! एक पाय मागे घ्या!"

आणि दाखवायला म्हणून मी स्वतः एक पाय मागे घेतला. डब्यावर.

कडाड्! डब्याला उभी चीर. पाणी भळाभळा वाहायला लागलं. डब्याच्या तळाशी साहेब आडवा होत चाललेला आणि घरात एक भांडं शिल्लक नाही, सगळं खोक्यांत बंद होऊन खाली गेलेलं! ओंजळीत धरून नावड्याला नेऊ का काय!

धावत स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर चारच वस्तू. दूध उतू घालवायचं पातेलं, समई, नारळ आणि तांब्याचा कलश.

कलश!

अहो, माझं डोकं काय चाललं त्या क्षणी! कलश अर्धा भरता येतो. आत अंधार. वर नारळ ठेवला की झाकण तयार. आणि मुख्य म्हणजे गृहप्रवेशाचा कलश टेम्पोत कोणी फेकत नाही, तो माणूस मांडीवर घेऊन जातो आणि वाटेत खाली ठेवत नाही. एवढी सिक्युरिटी मंत्र्याला नसते! शिवाय तांब्यातलं पाणी तब्येतीला चांगलं. मी रोज सकाळी दोन ग्लास पितो.

साहेबला पाण्यासकट कलशात ओतला, वर नारळ बसवला. कोणाला काही बोललो नाही. पूजेच्या कलशात मासा ठेवलाय म्हटल्यावर आईनं सगळी बिल्डिंग गोळा केली असती. मग खाली गेलो, कारण कपाट जिन्यात अडकलं होतं. माझ्याच पद्धतीनं उचलल्यामुळे, असं हमालांचं म्हणणं.

वीसेक मिनिटांनी वर आलो तर आई कलश हातात घेऊन दारात उभी. नारळाखाली आंब्याची पाच पानं लावलेली.

"हा धर. नीट धर. वाटेत खाली ठेवू नकोस."

मी मनात म्हटलं, वा! पानांची सावलीसुद्धा झाली. आईला काही संशय नाही, आपलं काम फत्ते.

आई आणि मीनल रिक्षानं पुढे गेल्या. मी कलश घेऊन टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी. ड्रायव्हर तिकडचाच, नावड्याच्या बाजूचा, आगरी गडी. बोलका.

हायवेला लागलो आणि मला काळजी सुरू झाली. हवा! त्याला हवा लागते! मी दर दोन मिनिटांनी नारळ हळूच उचलायचा, फटीतून फुंकर घालायची आणि कुजबुजायचं, "साहेब, घाबरायचं नाही हं. आलंच घर."

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. "मला बोलला काय, काका?"

"नाही नाही. यांच्याशी बोलतोय." मी कलशाकडे मान केली.

त्यानं चालू असलेलं गाणं बंद केलं.

खारघरच्या सिग्नलला मी पुन्हा फट केली, डोळा लावला. आणि शेपटी हलली! हिरवट-निळी, मऊ, अशी डावीकडून उजवीकडे. मी स्वतः पाहिली, देवाशपथ! माझा जीव भांड्यात पडला. मी कलशाला म्हटलं, "शाब्बास!"

कळंबोलीच्या खड्ड्यांत तर मी कलश दोन्ही हातांनी वर धरला, टपाला टेकेपर्यंत. म्हणजे मी आपटलो तरी चालेल, साहेब हिंदकळता कामा नये. दोन वेळा डोकं दरवाजावर आपटलं, पण हात खाली आणले नाहीत.

"काका," ड्रायव्हर गंभीर आवाजात म्हणाला, "आमच्यात पन कलश मांडीवर नेतात. पन एवढी भक्ती मी अजून नाय बगली. तुमाला देव पावला हाय."

"हळू चालवा हो जरा."

"चालवतो ना. देव हाय गाडीत."

आणि त्या बिचाऱ्यानं उरलेला रस्ता बैलगाडीच्या वेगानं काढला. मागच्या ट्रकवाल्यांनी आमचा उद्धार केला. सोसायटीच्या गेटवर उतरलो तर त्यानं चपला काढल्या आणि कलशाला हात लावून नमस्कार केला. मला जरा लाज वाटली, पण म्हटलं, पुढचं आधी बघू.

माझा प्लॅन साधा होता. उंबरठा ओलांडायचा, सरळ मोरीत जायचं, साहेबला बादलीत सोडायचं, कलशात ताजं पाणी भरायचं. एका मिनिटाचं काम. पण दारातच गुरुजी! उंच, धिप्पाड, आवाज असा की लाऊडस्पीकरची गरज नाही.

"या यजमान! किती उशीर! मुहूर्त टळतोय, द्या इकडे!"

"गुरुजी, एक मिनिट..."

मिनिट कसलं! कलश माझ्या हातातून गेला आणि चौरंगावर तांदळाच्या राशीवर जाऊन बसलासुद्धा. मीनलनं मला खाली ओढून पाटावर बसवलं. हॉलमध्ये वीस-बावीस माणसं. माझा साडू, मीनलच्या मैत्रिणी, मजल्यावरची नवीन शेजारी मंडळी. मीनलचा फोन खुर्चीवर टेकवून ठेवलेला, त्यात पुण्याहून सायली पूजा बघतेय. 'बाबा' म्हणून हात हलवला तिनं. मीही हलवला.

गुरुजींनी नारळ बाजूला केला. मी मान वाकडी करून आत बघायचा प्रयत्न केला, पण पानं मध्ये.

"गंध घाला कलशात."

"थेंबभरच घालतो."

"अक्षता."

मी दोन दाणे टाकले.

"यजमान, स्वतःच्या घराची पूजा आहे, हात का आखडताय? हळद-कुंकू घाला."

"गुरुजी, हळदीशिवाय नाही चालणार?"

मागून साडू हसला. मीनलनं मला चिमटा काढला. चांगला पिळून. मी डोळे मिटून चिमूटभर टाकलं. मग सुपारी. ती मी दोन बोटांत धरून, पाण्याला बोट लागेपर्यंत खाली नेऊन, अलगद सोडली. आणि बोटाला काहीतरी मऊ, गुळगुळीत लागलं! साहेब! बिचारा मला ओळखून जवळ आला होता हो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता नाणं."

"नाणं नको, गुरुजी. लागेल."

"कोणाला लागेल?"

मी काय सांगणार? "कलशाला," म्हटलं.

गुरुजींनी माझ्याकडे दोन सेकंद बघितलं, माझ्या हातातून नाणं घेतलं आणि स्वतः टाकलं. टुण्ण! माझ्या काळजावर पडलं ते. मग त्यांनी आंब्याच्या पानानं त्यातलंच पाणी घेऊन माझ्यावर, मीनलवर, पूजेच्या सामानावर आणि झाडून सगळ्या पाहुण्यांवर शिंपडलं. नारळ परत वर बसवला आणि म्हणाले, "झाली कलशाची स्थापना. आता उत्तरपूजा होईपर्यंत हा जागचा हलवायचा नाही."

"म्हणजे किती वेळ?"

"दोन-अडीच तास."

दोन-अडीच तास! हळद-कुंकवाच्या पाण्यात! तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. उपरण्याखाली धरून बघितला. सायलीचा मेसेज, 'साहेब कुठंय? दिसत नाही.'

मी टाइप केलं, 'सेफ. कलशात.'

'कोणत्या कलशात???'

'समोरच्या. तांब्याच्या. झाकण आहे.'

आता तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं लिहिलं होतं? समोर फोनच्या स्क्रीनवर पोरीचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मग माझा फोन इतका थरथरला की गुरुजींचा मंत्र थांबला.

'बाबा!!!!! तांबं माशाला विष असतं!!!!! पाण्यात उतरतं ते!!!!! आत्ता बाहेर काढा!!!!! आत्ता!!!!!'

विष! सकाळपासून विषात! मीच ओतला, वर मीच झाकण लावलं, टपापर्यंत उचलून उचलून मीच नेला त्याला! मी चौरंगाकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, सायलीकडे बघितलं. ती रडत होती. बस्स. मग मी कसलाही विचार केला नाही.

उठलो, नारळ काढला, कलश उचलला.

"अहो! अहो यजमान!" गुरुजी अर्धे उभे राहिले. "स्थापना झालीय! ठेवा खाली!"

"आत माणूस आहे!" मी ओरडलो. माणूस! घाईत तोंडातून हेच आलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या पाटीलकाकी, गावच्याच, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं बाय! याला काय झाला गो?"

शेजारी पितळी परात होती, प्रसादाची फळं ठेवलेली. फळं सतरंजीवर लोटली आणि अख्खा कलश परातीत उपडा केला. धबाक्! लाल पाणी. सुपारी. नाणं. तांदूळ. आंब्याची पानं, त्यातलं एक लांबोळकं, मऊ पडलेलं.

मासा नाही.

मी कलश हलवला. आपटला. आत हात घातला. परातीतलं पाणी दोन्ही हातांनी ढवळलं. मासाच नाही! आणि मग माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो आठवला की आजही मला दरदरून घाम फुटतो.

"विरघळला!" मी किंचाळलो. "सायली, माफ कर गं मला! साहेब विरघळला! काटासुद्धा शिल्लक नाही!"

"कोण विरघळलं?" मीनल.

"मासा! या कलशात मासा होता! तांब्यानं विरघळवला!"

आता बघा, हे ऐकल्यावर लोकांनी माझं सांत्वन करायला हवं की नाही? पण नाही. आधी सगळ्यांचे हात हळूहळू आपापल्या डोक्याकडे गेले. जिथं ते पाणी पडलं होतं तिथं. गुरुजींनी तर उपरण्यानं कपाळ असं खसाखसा पुसलं की गंध कानापर्यंत गेलं. साडूची बायको बाथरूमकडे पळाली. मी परातीपुढे बसून भोकाड पसरलं होतं. हो, रडलो मी, त्यात लपवायचं काय? पोरीनं एक जीव सोपवला होता आणि मी त्याचं सरबत केलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. पदराला हात पुसत, अगदी शांत.

"काय आरडाओरडा चाललाय? आणि विरघळायला तो काय साखर आहे?"

तिच्या हातात कॉफीची मोठी बाटली. अर्धी भरलेली, वर ओला रुमाल. तिनं रुमाल बाजूला केला. आत साहेब! निळाशार! कल्ले फुगवून, काचेत स्वतःलाच बघून भांडायच्या तयारीत!

फोनमधून सायली अशी किंचाळली की खुर्चीवरून फोन पडला.

मी गुडघ्यांवरच बाटलीपर्यंत सरकलो. "हा... हा इथं कसा?"

"कसा म्हणजे? पूजेचा कलश कोणी न घासता भरतं का? सकाळी घासायला घेतला, तर आत हा. काढला, त्याच्याच पाण्यात माझ्या पिशवीतल्या बाटलीत घातला. कलशाला चिंच लावली, लखलखीत केला, नवीन पाणी भरलं आणि दिला तुझ्या हातात. काळाकुट्ट होता आधी तो. तुला फरकसुद्धा दिसला नाही?"

"पण... पण घासतात हे मला काय माहीत!"

"जन्मात कधी घासला असतास तर माहीत असतं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगायचं काय त्यात? मला वाटलं, वर आलास की विचारशील, आई, मासा कुठाय. तू विचारलंस? कलश घेतलास आणि तरातरा निघालास."

"आई, मी त्याची शेपटी पाहिली! खारघरच्या सिग्नलला! हलत होती!"

आईनं परातीतलं ते लांबोळकं आंब्याचं पान दोन बोटांनी उचललं आणि माझ्यासमोर हलवलं. डावीकडून उजवीकडे.

म्हणजे मी नेरुळ ते नावडे पानाला धीर देत आलो होतो! पानाला फुंकर घालत होतो! पानाला 'शाब्बास' म्हटलं होतं! आणि सुपारी सोडताना मायेनं जवळ आलं, तेही पानच! सगळे असे हसायला लागले म्हणून सांगू! पाटीलकाकी तर भिंतीला टेकून खालीच बसल्या. मीनलचं काय सांगू, ती नवऱ्याच्या बाजूनं उभी राहायचं सोडून पोट धरून सतरंजीवर आडवी झाली. आणि मला राग यायच्या ऐवजी इतकं हायसं वाटलं की मी ती बाटली छातीशी धरून पुन्हा एकदा रडलो.

"बाबा," फोनमधून सायली डोळे पुसत म्हणाली, "मी शनिवारी येतेय घरी."

मग गुरुजींनी घड्याळाकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून."

आईनं कलश पुन्हा घासून आणला. गुरुजींनी तो उजेडात धरला, आत डोळा लावला, बोट फिरवलं. मग मीनलला दाखवला, पाटीलकाकींना दाखवला, साडूला दाखवला, फोनसमोर धरून सायलीला दाखवला. "सगळ्यांनी बघितलं? आत कोणी नाही ना?"

"कोणी नाही!" सगळे एकसुरात.

मी कलश घ्यायला हात पुढे केला. गुरुजींनी तो झटकन मागे घेतला.

"यजमानांनी आता नुसते हात जोडायचे. लांबून. कलशाला वहिनी हात लावतील."

अकरा वर्षं वाट बघून घेतलेलं घर, आणि पूजेत मला कोपरा! पण म्हटलं, ठीक आहे, आपली चूक आहे, वाद नको. शहाण्यासारखा उठलो आणि म्हणालो, "बरं, मग मी निदान तोपर्यंत साहेबला सांभाळतो."

"नको!!!"

अख्खा हॉल एकदम ओरडला. पुण्याहून सायलीसुद्धा. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज गुरुजींचा होता.